ओळखीतलं कुणीतरी

मंगळवारी दुपारी पावणेदोनच्या सुमाराला तिने मेट्रनना मंडईच्या मागच्या बाजूला पाहिलं, आणि पाहिलं त्याच क्षणी आपण हे पाहायला नको होतं हेही तिला कळलं. दोन वाजता मंडई बंद व्हायची. शेवटच्या पंधरा मिनिटांत भाव उतरतात म्हणून ती मुद्दाम त्या वेळेला यायची, आणि कुणी भेटलंच तर 'आज निघायलाच उशीर झाला' असं म्हणायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं. गेल्या वर्षभरात तिला दर मंगळवारी उशीर झाला होता. मागे, जिथे हातगाड्या लावतात आणि विकायच्या लायकीचा न राहिलेला माल खोक्यांसकट टाकून देतात, तिथे मेट्रन वाकून उभ्या होत्या. वाकणं कमरेतून नव्हतं, गुडघ्यांतून होतं, पाठ सरळ. रुग्णालयात नव्या पोरींना त्या हेच शिकवायच्या, पेशंट उचलताना पाठ वाकवायची नाही, पाठ गेली की नोकरी गेली. त्यांनी एक टोमॅटो उचलला, अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून पाहिला, एका जागी अंगठा आत गेला तसा परत ठेवला. टाकला नाही, ठेवला. दुसरा घेतला, तो पिशवीत गेला. पिशवी कापडी होती आणि तिला इस्त्री केलेली होती. माणूस टाकलेली भाजी वेचायला घरून निघतो आणि निघण्याआधी पिशवीला इस्त्री करतो. मेट्रननी मान वर केल्यासारखं वाटलं, पण ती तोवर पाठ फिरवून पहिल्या दिसेल त्या गाळ्यासमोर उभी होती, आणि भाजीवाल्याने सांगितलेल्या भावात, एक शब्द न बोलता, तिने एक कोबी विकत घेतला. 'काय हो, आज घासाघीस नाही?' भाजीवाला म्हणाला. ती हसली. हसणं तोंडावरच राहून गेलं, रस्ता ओलांडला तरी जाईना.

मेट्रन म्हणजे चौतीस वर्षं त्या सरकारी रुग्णालयाचा कणा. सकाळी सातला त्यांच्या बुटांचा आवाज लांबच्या लांब व्हरांड्यातून यायला लागला की डॉक्टरसुद्धा सिगरेट विझवायचे. गादीवरच्या चादरीचा कोपरा त्या दोन बोटांत धरून पाहायच्या, आणि घडी चुकली असली तर काही न बोलता अख्खी चादर ओढून काढायच्या. रेकॉर्ड विभागात ती लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती, अजून कायम झालेली नव्हती. दुसऱ्याच वर्षी एका पेशंटचा केसपेपर हरवला. पेशंट दगावलेला, नातेवाईक तक्रार घेऊन आलेले, आणि रजिस्टरात पेपर मिळाल्याची सही तिची. अधीक्षकांच्या खोलीत तिला उभं केलं होतं. तिचे ओठ असे सुकले होते की 'नाही' म्हणायला तोंड उघडेना. कोपऱ्यात मेट्रन बसल्या होत्या, त्यांना फक्त साक्षीला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, 'पेपर मी नेला होता. गहाळ माझ्याकडून झाला.' इतक्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या की कुणाला शंकाच आली नाही. त्यांनी पेपर नेला नव्हता. पेपर कुठे गेला ते कधीच कळलं नाही. महिन्याभराने आदेश निघाला, मेट्रनची एक वेतनवाढ कायमची रोखण्यात येत आहे. ती आभार मानायला गेली तेव्हा त्या औषधांचं कपाट लावत होत्या. 'कसले आभार? जा, रजिस्टर नीट लिही.' बस्स. पुढची तीसेक वर्षं दोघींमध्ये त्या गोष्टीचा उच्चार झाला नाही. आणि आता, हातात कोबी घेऊन, ती विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली, कारण जे इतकी वर्षं तिने स्वतःला कळू दिलं नव्हतं ते आपोआप डोक्यात सरकत गेलं. कायमची रोखलेली वाढ पुढच्या प्रत्येक पगारात कमी पडते. शेवटच्या पगारावरून पेन्शन ठरते. म्हणजे त्या कंटाळलेल्या आवाजातल्या दोन वाक्यांची किंमत मेट्रन अजून दर महिन्याला भरत होत्या, आणि त्या खोक्यांमधल्या एखाद्या तरी टोमॅटोवर तिची सही होती.

पेन्शनर संघटनेत ती नाव नोंदवून होती, पण जायची नाही. त्या आठवड्यात गेली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, वीस खुर्च्या, त्यातल्या चार मोडक्या, आणि कोणत्या चार ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे नवीन आलेला माणूस बरोबर त्यांच्यावरच बसायचा. सरचिटणीस भूमापन खात्यातून निवृत्त झालेले होते. संघटनेची मागणी साधी होती. नोकरीत असताना महागाई वाढली की पगार वाढायचा. निवृत्त झालं की ती वाढ सरकारच्या मर्जीवर, आणि सरकारची मर्जी नऊ वर्षांत एकदाही झाली नव्हती. पेन्शन होती तिथेच उभी राहिली, बाकी सगळं पुढे निघून गेलं. आता कुठे एक समिती नेमली होती, ती पेन्शनरांचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकणार होती. 'आकडे नेऊन काही होत नाही,' सरचिटणीस म्हणाले. 'आकडे त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहेत. नऊ वर्षं मी आकडेच देतोय. त्यांच्यासमोर माणूस उभा केला पाहिजे. मला माणूस द्या.' मग पाणीपुरवठा खात्यातले एक जुने फिटर खाकरले. म्हणाले, 'आमच्या ओळखीतलं एक जण आहे. त्याने दात काढले, पण कवळी नाही बसवली. दोन वर्षं झाली. पातळ करून खातो सगळं.' हे सांगताना ते ओठ आवळून बोलत होते, आणि सगळे खिडकीबाहेर बघत होते. मग एका निवृत्त शिक्षिकेच्या ओळखीतलं कुणीतरी हिवाळ्यात दुपारभर वाचनालयात बसून राहायचं, घरी हीटर लावावा लागू नये म्हणून. एका निवृत्त ग्रंथपालाच्या ओळखीतलं कुणीतरी मुलाला फोनच करत नव्हतं, त्याने 'पैसे हवेत का' असं विचारू नये म्हणून. अख्खी खोली ओळखीतल्या कुणीतरीने भरून गेली. स्वतःचं म्हणून कुणाकडेच काही नव्हतं. सरचिटणिसांनी वही मिटली. 'ताई, तुम्ही बोलाल का?' त्यांनी तिला विचारलं. 'नोंदणीअर्जावरचं तुमचं अक्षर, तुमचं बोलणं, दोन्ही स्वच्छ आहे.' ती 'हो' म्हणाली. का म्हणाली ते तिला जिना उतरेपर्यंत कळलं नाही, आणि जिना उतरल्यावर वाटलं, मेट्रनसाठी.

घरी नवरा खुर्चीत पेपर वाचत बसलेला असायचा, हातात पेन्सिल. तो एका खासगी छापखान्यात मुद्रितशोधक होता. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने प्रत्येकाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे घर तिच्या पेन्शनवर चालायचं. पेपरातल्या चुका तो अजून काढायचा, समासात बारीक खुणा करत, आणि संध्याकाळी तो दुरुस्त केलेला पेपर रद्दीत जायचा. 'हे बघ, आज मुख्यमंत्र्यांचा ऱ्हस्व दीर्घ झालाय,' म्हणून खुदकन हसायचा. समितीपुढे बोलायचंय असं तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'अगं पण आपलं काय वाईट चाललंय? आपण खातोपितो. आणि माझी तब्येत तर सुधारतेच आहे.' तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातावर गोळी ठेवली. अर्धी गोळी. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाच्या गोळ्यांचा भाव एकदम वाढला, तेव्हा औषधाच्या दुकानात तिला दोन पाकिटांऐवजी एकच घेता आलं, आणि घरी येऊन ती म्हणाली, 'डॉक्टरांनी डोस कमी केलाय. निम्मा.' शब्द इतके सहज आले की तिलाच नवल वाटलं. त्या गोळीवर मधोमध एक रेघ असते. ती रेघ कारखान्यातच पाडलेली असते, मोडायची परवानगी दिल्यासारखी. ती सकाळी स्वयंपाकघरात, भाजीच्या सुरीने, रेघेवर दाबायची आणि टक् असा आवाज व्हायचा, त्या आवाजाला झाकायला आधी नळ सोडायची. स्वतःची रक्तदाबाची गोळी तर तिने त्याआधीच बंद केली होती, ते तिला सांगण्यासारखंसुद्धा वाटत नव्हतं. पण त्याची अर्धी गोळी वेगळी होती. तीस-बत्तीस वर्षं केसपेपर हाताळलेली बाई ती, अर्धा डोस घेतलेल्या माणसांचे पेपर शेवटी कोणत्या कपाटात जातात हे तिला पाठ होतं. संध्याकाळी त्याचे पाय सुजायचे. 'उभे राहता ना फार,' ती म्हणायची. तो दिवसभर खुर्चीतच असायचा, पण मान डोलवायचा. बायकोने सांगितलं म्हणजे उभाच राहत असेन, असं त्याच्या तोंडावर असायचं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तिने ठरवलं की हेच सांगायचं. स्वतःचं. तिने कागदावर लिहिलंसुद्धा, सुवाच्य अक्षरात, 'माझे पती हृदयविकाराचे रुग्ण आहेत आणि मी त्यांना गेले पाच महिने', आणि पुढचं क्रियापद लिहायला पेन उचललं ते उचललेलंच राहिलं. 'फसवते आहे' हे बरोबर होतं. 'अर्धी गोळी देते आहे' हेही बरोबर होतं. 'मारते आहे' हे तिने मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नाही. कागद चार घड्या करून तिने पर्समध्ये ठेवला. सुनावणीची खोली थंड होती, भिंतीला लाकडी पट्ट्या, लांबलचक टेबल, टेबलामागे तीन माणसं आणि प्रत्येकासमोर झाकण घातलेला पाण्याचा पेला. फिटर बोलले, आकडे बोलले. शिक्षिका बोलल्या, त्याही आकडेच बोलल्या. समितीतली बाई टेबलाखाली घड्याळ बघत होती. अध्यक्ष दर वाक्याला मान हलवत होते, आणि तशी मान हलवणारे साहेब तिने नोकरीत इतके पाहिले होते की ती मान म्हणजे दार बंद होण्याचा आवाज हे तिला ओळखू येत होतं. सरचिटणिसांनी कोपराने तिला खुणावलं. प्रत्येकाला चार मिनिटं दिली होती. ती उभी राहिली. पर्समधला कागद बोटांना लागला, त्याची धारसुद्धा लागली. आणि तिने तोंड उघडलं तर तोंडातून आलं, 'माझ्या ओळखीत एक मेट्रन आहेत.'

मग तिला थांबताच आलं नाही. चौतीस वर्षं, ती म्हणाली. बुटांचा आवाज, ती म्हणाली, चादरीचा कोपरा, गुडघ्यांतून वाकणं. मंडई किती वाजता बंद होते आणि मागे खोकी कुठे टाकतात. टोमॅटो अंगठ्याने कसा दाबून पाहिला आणि खराब निघाला तो फेकला नाही, परत कसा ठेवला. पिशवीच्या इस्त्रीपाशी आली तेव्हा ती क्षणभर थांबली. थांबायला हवं होतं म्हणून थांबली, गळा दाटला म्हणून नाही, आणि हा फरक तिला त्याच क्षणी लख्ख कळत होता. समितीतली बाई घड्याळ विसरली. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणि तिला बरं वाटलं. हे पुढे तिने कुणालाच सांगितलं नाही, पण तिला फार बरं वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी खोली तिच्या पुढच्या शब्दासाठी श्वास रोखून बसली होती, आणि तो शब्द तिच्याकडे होता. रजिस्टरात दुसऱ्यांच्या आजारांची नोंद करण्यात जन्म गेला, ते काम इतकं सुंदर जमतं हे तिला माहीत नव्हतं. ती खाली बसली तेव्हा सरचिटणीस रुमालाने डोळे पुसत होते. मागच्या रांगेत एक वार्ताहर लिहीत होता, आणि त्याचं लिहिणं तिचं बोलणं संपल्यावरही बराच वेळ चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. 'अगं, हे तुझ्या मेट्रनबद्दल आहे का?' चार रकाने होते. मथळा होता, 'चौतीस वर्षं सेवा, आणि हाती टाकलेली भाजी'. तिने उभ्याउभ्याच वाचलं. 'मी नाव नव्हतं घेतलं,' ती म्हणाली. 'नाव कशाला हवं? या शहरात चौतीस वर्षं मेट्रन असलेल्या बायका आहेत किती?' त्याने हे आरोप म्हणून म्हटलं नव्हतं, चुकलेला अनुस्वार दाखवावा तसं म्हटलं. मग बातम्या तुकड्यातुकड्यांनी यायला लागल्या. मेट्रनच्या दाराशी कुणी तरी धान्याच्या पिशव्या ठेवून गेलं. जुन्या सिस्टर्सनी वर्गणी काढली, पाकीट द्यायला चौघी जणी गेल्या, आणि पाकिटासकट परत आल्या. मंडईतल्या एका भाजीवाल्याने त्यांना म्हणे भर गर्दीत हाक मारली, 'या मावशी, मागे कशाला जाता, इथूनच न्या,' आणि भरलेली पिशवी पुढे केली. चांगला माणूस होता तो, त्याचे डोळे भरून आले होते असं सांगणारा सांगत होता. त्यानंतर मेट्रन मंडईत दिसल्या नाहीत. ती मात्र मंगळवारी जात राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आता ओळखीची माणसं तिला पाहिलं की हातातली पिशवी मागे घेतात. फिटर एकदा समोरून येता येता चपलेचा अंगठा तुटल्यासारखे खाली वाकले आणि ती निघून जाईपर्यंत वाकलेलेच राहिले.

दीड महिन्याने निर्णय आला. तीन टक्के, पुढच्या आर्थिक वर्षापासून, मागचं काही नाही. आदेशात 'मानवतावादी दृष्टिकोनातून' असे शब्द होते. सरचिटणिसांनी चहा मागवला. 'ताई, मैदान मारलंत तुम्ही,' ते म्हणाले, 'नऊ वर्षं माझ्या आकड्यांनी जे केलं नाही ते तुमच्या मेट्रनने चार मिनिटांत केलं.' 'माझ्या' मेट्रनने. कपातला चहा तिने कुंडीत ओतला आणि तशीच निघाली. मेट्रनचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. जिन्यात ती दोनदा थांबली, एकदा दम लागला म्हणून, एकदा दम लागला नसतानाही. दार मेट्रननीच उघडलं. खोलीत एक पलंग, चादरीचे चारी कोपरे घट्ट दुमडलेले, एक टेबल, आणि जमिनीवर दोन बॅगा, एक भरलेली, एक अर्धी. 'ये,' त्या म्हणाल्या. 'बस' म्हणाल्या नाहीत.

'मेट्रन, मी...'

'ऐकलं. छान बोललीस म्हणे.'

'मी नाव नाही घेतलं तुमचं.'

'नाही घेतलंस.' त्या एका कपड्याची घडी घालत होत्या. 'सगळे येऊन सांगतात, खोटं आहे म्हणून पेपरला पत्र लिहा. खोटं असतं तर मी हसले असते गं. खरं आहे, म्हणून तर ते तुझं नव्हतं सांगायचं.'

'तुम्ही मला पाहिलं होतंत त्या दिवशी?'

'पाहिलं ना.' घडी पूर्ण झाली. त्यांनी ती बॅगेत ठेवली आणि वरून तळहाताने सपाट केली. 'मला वाटलं, बरं झालं, हीच आहे. दुसरं कुणी असतं तर गावभर झालं असतं.'

तिने काहीतरी बोलायचं म्हणून, ज्याबद्दल कधी बोलायचं नव्हतं ते बोलायला सुरुवात केली, की त्या वेळी तुमची वेतनवाढ माझ्यामुळे, आणि मी दर महिन्याला जमेल तेवढं तुम्हाला... 'गप्प बस,' मेट्रन म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, वॉर्डात रात्रपाळीला बोलतात तेवढाच होता. 'मला तीन टक्के मिळणार आहेत आता. पुरतील.' मग त्यांनी विचारलं, 'तुझ्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काहीच नव्हतं?' ती रडली असती तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही, तिने सगळं सपाट आवाजात सांगितलं, गोळी, रेघ, सुरी, नळ. मेट्रनचे हात थांबले. त्यांच्या तोंडावरचं एवढा वेळचं थंडपण उडून गेलं आणि तिथे एकदम तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची मेट्रन आली.

'कुठली गोळी? नाव सांग. किती मिलिग्रॅम? किती दिवस झाले?' तिने सांगितलं. 'पायाला सूज? दाबलं तर खड्डा पडतो? रात्री उशी उंच लागते? आणि तू रेकॉर्डला होतीस ना गं, इतके पेपर तुझ्या हाताखालून गेले ना? उद्या सकाळी दवाखान्यात ने. आपल्या मनाने एकदम पूर्ण गोळी सुरू करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी. कळलं? डॉक्टरांना खरं सांगायचं. आणि त्यांना सांगितलंस का? नवऱ्याला?'

'नाही.'

'आज सांग.' मेट्रन पुन्हा बॅगेकडे वळल्या. 'मी विचारायला येणार नाही. मी गुरुवारी भाचीकडे जातेय, कायमची. तिथे मला कुणी ओळखत नाही.' दाराशी ती थांबली, काहीतरी म्हटलं जाईल म्हणून. मेट्रननी बॅगेची चेन ओढली, ती मध्येच अडकली, पुन्हा मागे घेऊन ओढली. ती जिना उतरायला लागली तरी आवाज येत होता.

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. नवऱ्याच्या मांडीवर पेपर होता, त्याने तो घडी करून बाजूला ठेवला. तिला वाटलं होतं तो ओरडेल. छापखान्यात चुकीचा फॉर्म छापला गेला तर तो ओरडायचा, घरी कधी ओरडला नव्हता, पण आज ओरडेल. तो आपल्या पायांकडे बघत राहिला. मोजे उतरवल्यावर राहिलेला वळ घोट्यावर तसाच होता. 'म्हणजे डॉक्टरांनी कमी केली नव्हती,' शेवटी तो म्हणाला. 'नाही.' 'मला वाटत होतं गं,' तो म्हणाला, आणि थोडा हसला, ओशाळल्यासारखा, जणू चूक त्याचीच, 'मला वाटत होतं मी सुधारतोय. गोळी कमी झाली म्हणजे बरा होत चाललोय. मी त्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनासुद्धा सांगून आलो होतो.' ती त्याच्याजवळ बसायला गेली. त्याने खुर्ची सरकवून जागा केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला जे बोलायचं ते बोलले, तो शेजारी मान खाली घालून बसला, तिच्या वतीने लाज वाटून. त्या दिवसापासून गोळ्यांचं पाकीट तो आपल्या शर्टाच्या खिशात ठेवायला लागला. झोपताना शर्ट उतरवला की पाकीट उशीखाली. त्याने तसं करताना कधी तिच्याकडे रोखून पाहिलं नाही, पाण्याचा पेलासुद्धा तिच्याच हातून घ्यायचा, पण गोळी स्वतः काढायचा. आणि गोळ्या पुऱ्या पडाव्यात म्हणून पेपर बंद झाला. पेन्सिल खिडकीत पडून राहिली. तो हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहायचा, आणि बसल्याबसल्या त्याचे ओठ हलायचे, न छापलेलं काहीतरी वाचत असल्यासारखे.

वाढ आली. पासबुकात तिने ती पाहिली आणि पासबुक मिटलं. पुढच्या हिवाळ्यात सरचिटणीस घरी आले, एक्याऐंशी वर्षांचा माणूस तीन जिने चढून आला, आणि धाप ओसरायच्या आतच बोलायला लागला. तीन टक्के ही भीक होती, ते म्हणाले, भीक दरवर्षी मागावी लागते. आता दरवर्षीची वाढ कायद्यातच लिहून घ्यायची, महागाई जेवढी तेवढी, कुणाच्या मर्जीवर नाही. त्यांचं म्हणणं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. समिती पुन्हा बसणार होती. 'ताई, या वेळी पुन्हा एखादं माणूस लागेल,' ते म्हणाले. 'तुमच्या त्या मेट्रन कुठे असतात हल्ली?' 'माहीत नाही,' ती म्हणाली. 'मी नाही बोलणार. माझ्याने होणार नाही.'

'मी येतो,' नवरा म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं. तो खुर्चीत जरा सरसावून बसला होता. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं होतं. 'मी सांगतो माझं. गोळीचं. मी पेन्शनर नाही, पण पेन्शनरच्या घरातला आहे, चालेल ना?' सरचिटणिसांना गोळीचं काहीच माहीत नव्हतं, ते एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागले. 'नको,' ती म्हणाली. 'का नको? माझंच आहे ना ते?' त्याने तिच्याकडे पाहिलं, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा सरळ, आणि त्याच्या आवाजात खोच नव्हती, राग नव्हता, असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. 'तू काळजी करू नकोस,' तो म्हणाला. 'तुझं नाव नाही घेणार मी.'

ती चहा टाकायला म्हणून आत गेली. भांडं गॅसवर ठेवलं, त्यात पाणी घालायचं राहिलं. बाहेर सरचिटणिसांनी वही उघडल्याचा आवाज झाला. मग नवऱ्याचा आवाज आला, हळू, एकेक शब्द पारखून ठेवणारा. 'माझी बायको रोज सकाळी...' तो थांबला. तिला न बघताही कळलं की तो मान थोडी तिरकी करून, डोळे बारीक करून, वाक्य तपासत असणार. 'नाही,' तो म्हणाला. 'असं लिहा. घरातलं एक माणूस रोज सकाळी गोळीचे दोन तुकडे करायचं.'

'हे चांगलं आहे,' सरचिटणीस लिहिता लिहिता म्हणाले. 'घरातलं एक माणूस. हे चालेल.'